नोटीस काढली की बजावली?

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यात जमिनीचा सौदा जमत आला की मध्येच कुणीतरी विचारतो, "फॉरेस्ट नाही ना लागलेलं?" विचारणाऱ्याला झाडांशी काही देणेघेणे नसते. त्याला सातबाऱ्यावरचा शेरा माहीत करून घ्यायचा असतो. इतर हक्कांच्या रकान्यात एखादी ओळ असते, कधी 'महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियम' अशी, कधी नुसतीच 'राखीव वन' अशी. ती दिसली की गिऱ्हाईक चहा संपवून उठते. ज्या गटात औषधालाही झाड नाही तिथे हा शेरा सापडतो, आणि शेजारचा साग-ऐनाने गच्च भरलेला गट कोरा निघतो. मग गावात तर्क लढवले जातात. कुणी म्हणतो तलाठ्याने चढवला, कुणी म्हणतो मोजणी चुकली, कुणाला त्यात जुनी खुन्नस दिसते.

बहुतेक वेळा कारण यापेक्षा कोरडे असते. शेऱ्यामागे एक फेरफार असतो, फेरफारामागे १९७५ चा एक कायदा आणि त्या कायद्याच्या एका पोटकलमात एक इंग्रजी क्रियापद: इश्यू. या एका क्रियापदाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एक लावला आणि २०१४ साली दुसरा. मधल्या काळात ज्यांनी जमिनी घेतल्या, विकल्या, वाटण्या केल्या, त्यांतल्या अनेकांना आपले भवितव्य एका क्रियापदावर टांगलेले आहे याची कल्पनाही नव्हती. म्हणून ते क्रियापद नीट उलगडून पाहू.

तसे ते आपल्याला परके नाही. वाचनालयात पुस्तक इश्यू होते, बँक चेकबुक इश्यू करते, पासपोर्ट इश्यू होतो, कंपनीचा शेअर इश्यू बाजारात येतो. (दोन भावांत बांधावरून 'इश्यू' होतो तो निराळा. ते नाम आहे, त्यात आपण पडायचे कारण नाही.) 'बाहेर जाणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. म्हणून खडकातून पाणी निघते त्यालाही इंग्रजीत हेच क्रियापद चालते. गाभ्याचा अर्थ 'निघणे', आणि कर्म जोडले की 'काढणे'.

घोटाळा होतो तो निघाल्यानंतरच्या प्रवासाबद्दल. वाचनालयात पुस्तक इश्यू झाले म्हणजे ते वाचकाच्या हातात पडले. पुस्तक इश्यू झाले पण वाचकाला मिळाले नाही, असे कुणी म्हणणार नाही. कोर्टात मात्र समन्स इश्यू झाले म्हणजे हुकूम झाला, कागद तयार झाला, सही-शिक्का होऊन तो बेलिफाकडे गेला, एवढेच. प्रतिवादीचे दार अजून लांब आहे. त्या पुढच्या टप्प्यासाठी वकील दुसरे क्रियापद ठेवतात, सर्व्ह. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात पाच मिनिटे उभे राहिलात तरी ऐकू येईल, "समन्स इश्यू झालंय, सर्व्ह नाही झालं, तारीख घ्या." म्हणजे एकच क्रियापद एका खोलीत 'दिले' या अर्थाने वापरले जाते आणि दुसऱ्या खोलीत 'देण्यासाठी काढले' या अर्थाने. दोन्ही वापर बरोबर आहेत. कुठला घ्यायचा हे आजूबाजूचे शब्द ठरवतात.

मराठीला या बाबतीत अडचण नाही. आपण नोटीस काढतो आणि नोटीस बजावतो. काढण्याचे काम कचेरीत होते, बजावण्याचे दारात. "माझ्या नावाने नोटीस निघालीय म्हणे, पण मला काय अजून बजावली नाही," हे वाक्य अंगठा उठवणारा म्हातारासुद्धा चुकत नाही. पण कोर्टांत कीस पडला तो कायद्याच्या इंग्रजी मजकुराचा.

आता कायद्याकडे वळू. भारतीय वन अधिनियम १९२७ चा. त्याच्या पाचव्या प्रकरणात सरकारच्या मालकीची नसलेली वने येतात. त्यातले कलम ३५ सांगते की माती वाहून जाऊ नये, झरे-नद्यांचे पाणी टिकावे, पूर-वादळापासून बचाव व्हावा, अशा कारणांसाठी सरकार खासगी जंगलातल्या तोडीवर, नांगरटीवर, चराईवर अधिसूचना काढून बंधने घालू शकते. कल्पना वावगी नव्हती. तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे शहापूर तालुक्यातच आहेत आणि त्यांच्या पाणलोटातले डोंगर बोडके झाले तर काय होईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

पण अशी अधिसूचना थेट काढता येत नव्हती. आधी मालकाला नोटीस द्यायची, त्याचे म्हणणे मागवायचे, हरकत असेल तर ऐकून घ्यायची. ही तरतूद कलम ३५ च्या पोटकलम ३ मध्ये आहे. म्हणूनच वकील आणि जमिनीचे दलाल आजही 'पस्तीस-तीनची नोटीस' असा शब्द वापरतात. १९४८ मध्ये तेव्हाच्या मुंबई प्रांताने या कलमाला आणखी पोटकलमे जोडली. त्यांतल्या एकाने सरकारला अधिकार दिला की नोटिशीतच ठराविक मुदतीपुरती तोडबंदी घालावी, म्हणजे सुनावणी होईपर्यंत मालकाने डोंगर साफ करू नये. दुसऱ्याने सांगितले की इश्यू केलेली नोटीस मालकावर दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या समन्सच्या पद्धतीने सर्व्ह केली पाहिजे आणि प्रसिद्धही केली पाहिजे. इथे एकाच वाक्यात दोन्ही क्रियापदे शेजारी-शेजारी बसली आहेत. पुढे दोन्ही बाजूंनी याच वाक्याचा आधार घेतला.

१९५० च्या दशकात अशा नोटिसा मोठ्या संख्येने निघाल्या. राजपत्रात गाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र अशा याद्या छापल्या गेल्या. त्यांतल्या अनेकांवर पुढे काहीच झाले नाही. हरकती ऐकल्या गेल्या नाहीत, अंतिम अधिसूचना निघाली नाही, बंदीची मुदत संपली, लोक आपापली जमीन कसत राहिले.

इथल्या जमिनी 'वन' म्हणून यादीत का गेल्या, हेही समजून घ्यायला हवे. शहापूर-मुरबाडची जुनी शेती दोन पायांवर उभी असते. खाली खाचरात भात, वर उतारावर वरकस. वरकशीत दोनतीन वर्षे नागली-वरी घ्यायची, मग ती पडीक टाकायची. पडीक टाकलेल्या वरकशीत ऐन, पळस, साग उभे राहतात आणि गवत माजते. भाताच्या रोपासाठी राब भाजावा लागतो, त्यासाठी याच झाडांचा टहाळ तोडला जातो. म्हणजे वरकशीतली झाडे हा शेतीचाच भाग होता. पण सर्व्हे नंबरांच्या यादीवरून बोट फिरवणाऱ्या माणसाला झाडे असलेला उतार म्हणजे जंगल. आणि एकाच सर्व्हे नंबरात खालची दोन एकर खाचर आणि वरची पंधरा एकर वरकस असेल, तर नोटीस नंबराची निघते, खाचर-वरकस असा भेद तीत राहत नाही.

शिवाय नोटीस मालकाच्या नावाने निघायची, कसणारा भलताच असायचा. मालक कल्याणला नाहीतर मुंबईला, जमीन ठाकर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी कुळांकडे. त्यात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. कसेल त्याची जमीन या तत्त्वाने त्या सुमारास कुळांची नावे मालक म्हणून लागू लागली. नोटिशीवरचे नाव आणि जमिनीवरचा माणूस यांची फारकत होण्याचा तो काळच होता.

मग आणीबाणीतले १९७५ साल आले. महाराष्ट्राने खासगी वने संपादन करण्याचा कायदा केला आणि तो ३० ऑगस्ट १९७५ पासून अमलात आला. त्याच्या कलम ३ ने एका फटक्यात राज्यातली सगळी खासगी वने सरकारजमा केली. मालकाचे सगळे हक्क त्या तारखेला संपले, जमीन बोजामुक्त होऊन सरकारची झाली आणि ती राखीव वन समजली जाईल असेही सांगितले गेले. गटवार आदेश नाही, वेगळी अधिसूचना नाही. ३० ऑगस्टच्या सकाळी जमीन 'खासगी वन' या व्याख्येत बसत असेल तर ती गेली, इतके सरळ.

म्हणजे सगळा भार व्याख्येवर. ही व्याख्या कलम २ च्या खंड (एफ) मध्ये आहे. तिच्यात बरेच प्रकार आहेत, पण आपल्या कामाचा तिसरा: वन अधिनियमाच्या कलम ३५(३) खाली इश्यू झालेल्या नोटिशीत उल्लेख असलेली कोणतीही जमीन. कलेक्टर ठरवील तेवढे, फार तर दोन हेक्टर क्षेत्र त्यातून वगळायचे. 'सर्व्ह' हा शब्द इथे नाही, 'इश्यू' एवढाच आहे. १९४८ च्या वाक्यातले एक क्रियापद उचलले गेले आणि दुसरे मागे राहिले.

सरकारचे म्हणणे या शब्दावरच उभे होते. कायद्याला 'सर्व्ह' म्हणायचे असते तर तसे म्हटले असते. शब्द माहीत होता, शेजारच्याच कायद्यात होता, तरी वापरला नाही. म्हणजे नोटीस निघाली की पुरे. हा युक्तिवाद पोकळ नव्हता. नोटीस पोचेपर्यंत थांबायचे म्हटले तर मालक महिनाभर दार लावून बसेल आणि तेवढ्यात डोंगरावरचा साग वखारीत पोचेल. १९७५ मध्ये जंगल वाचवणे हा हेतू खराच होता. २००० मध्ये चिंतामणी वेलकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही नोटीस इश्यू झाली असेल तर सर्व्ह झाली की नाही हे पाहायची गरज नाही, असेच धरले.

समोरच्या बाजूचे म्हणणे काय असू शकते हे कळायला कचेरीत एकदा डोकावावे लागते. सरकारी पत्राच्या माथ्यावर 'जा. क्र.' असतो. तो जावक क्रमांक. पत्र टाइप झाले, सही झाली, जावक नोंदवहीत त्याला क्रमांक पडला की कचेरीच्या दृष्टीने ते निघाले. टपालाच्या पिशवीत ते पडले का, कपाटावर राहिले का, याबद्दल जावक क्रमांक मुका असतो. पत्र पोचल्याचा पुरावा वेगळा असतो, त्याला पोच म्हणतात. पोच म्हणजे दुय्यम प्रतीवरची सही किंवा अंगठा आणि तारीख. जावक आहे पण पोच नाही, अशा फायली कुठल्याही कचेरीत निघतील.

बजावणीची पद्धत तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पाचव्या आदेशात बारकाईने लिहिली आहे. शक्यतो माणसाच्या स्वतःच्या हातात द्यायची. तो घरी नसेल आणि लवकर यायची शक्यता नसेल तर घरातल्या मोठ्या माणसाकडे. नोकर हा घरातला माणूस धरला जात नाही. घ्यायला नकार दिला तर दाराला चिकटवायची आणि कुणासमोर चिकटवली ते लिहायचे. बजावणाऱ्याने मूळ प्रतीच्या पाठीवर वेळ, रीत आणि ओळख पटवणाऱ्याचे नाव-पत्ता नोंदवून ती परत करायची. या सगळ्यातून एक कागद तयार होतो आणि तोच पुढे वर्षानुवर्षे साक्ष देतो. एक बारकावा इथे सांगण्याजोगा आहे. १९७६ च्या दुरुस्तीपर्यंत 'घरातले मोठे माणूस' म्हणजे पुरुषच, असे संहितेत स्पष्ट होते. बाई चालत नसे. म्हणजे १९५६ मध्ये मुरबाडच्या एखाद्या पाड्यावर घरचा पुरुष बाहेरगावी असताना बाईने नोटीस घेतली असेल, तर ती बजावणीही पक्की नव्हती.

हे क्रियापद शेवटी सर्वोच्च न्यायालयात नीट तपासले गेले ते विक्रोळीच्या एका जमिनीमुळे. गोदरेज अँड बॉईस कंपनीची ती जमीन. नोटीस १९५० च्या दशकातली, १९५६ च्या राजपत्रात छापलेली. त्यानंतर जवळपास पन्नास वर्षे कुणी काही बोलले नाही. २००६ च्या सुमारास एकदम सांगण्यात आले की ही जमीन १९७५ पासून सरकारची आहे. मुलुंडसारख्या उपनगरांत परवानग्या घेऊन उभ्या राहिलेल्या इमारतींतले फ्लॅटधारकही याच चक्रात अडकले. २४ मार्च २००८ ला मुंबई उच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. ३० जानेवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. लोढा, न्या. मदन लोकूर आणि न्या. कुरियन जोसेफ यांच्या खंडपीठाने तो फिरवला. निकाल न्या. लोकूर यांनी लिहिला.

त्या निकालातला क्रियापदाचा भाग आपल्या कामाचा. 'इश्यू'चा अर्थ कोशातून उचलून चिकटवता येत नाही, हे न्यायालयांनी आधीही पाहिले होते. १९६४ च्या बनारसी देवी प्रकरणात, प्राप्तिकराच्या नोटिशीबाबत, सर्वोच्च न्यायालयाने 'इश्यू' आणि 'सर्व्ह' एकमेकांच्या जागी वापरले जातात असे म्हटले होते. उलट १९९३ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरणाच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात आरोपपत्र 'इश्यू' होणे म्हणजे ते तयार होऊन रवाना होणे, हातात पडायलाच हवे असे नाही, असा अर्थ लावला. तिथे प्रश्न असा होता की चौकशी सुरू झाली आहे का, बढती रोखायची का. कर्मचाऱ्याने आरोपपत्र घ्यायचे टाळले म्हणून त्याला बढती देणे बरोबर दिसले नसते. पस्तीस-तीनच्या नोटिशीचे काम वेगळे. ती मालकाला म्हणणे मांडायला बोलावते. जे बोलावणे कुणाला ऐकूच गेले नाही त्याला बोलावणे कसे म्हणायचे? म्हणून खंडपीठाने 'इश्यू'ला व्यापक अर्थ दिला: इथे त्यात बजावणी धरलेली आहे. वेलकर प्रकरणातला उलट अर्थ मोडीत निघाला.

दुसरा मुद्दाही त्यांनी क्रियापदाच्या अंगानेच सोडवला. नोटीस बजावली असली तरी ती जिवंत हवी. १९७५ च्या आसपास निघालेल्या आणि प्रक्रिया चालू असलेल्या नोटिसा या कलमात येतात, त्यांना निकालात 'पाइपलाइन'मधल्या नोटिसा म्हटले आहे. १९५६ मध्ये काढून वीस वर्षे फायलीत पडलेली नोटीस शिळी. ती दाखवून जमीन घेता येणार नाही.

माझ्या मते निकाल बरोबर आहे. त्याने ठाण्याच्या डोंगरांवर बिल्डरांना मोकळे रान मिळेल अशी भीती पर्यावरणवाल्यांना वाटली, ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण खरी चूक १९५० आणि ६० च्या दशकांत झाली. तेव्हा हरकती ऐकून, जागा पाहून, जिथे खरेच जंगल होते तिथे अधिसूचना काढल्या असत्या तर हा प्रश्नच उरला नसता, कारण ३५(१) ची अधिसूचना लागू असलेली वने व्याख्येच्या दुसऱ्या प्रकारात आपोआप येतात. काम अर्धवट सोडायचे आणि पन्नास वर्षांनी जावक क्रमांक पुढे करायचा, याला वनसंरक्षण म्हणवत नाही.

आता मुरबाड-शहापूरच्या तीन-चार एकरवाल्याला या सगळ्याचा उपयोग किती? निकालाने त्याच्या सातबाऱ्यावरचा शेरा आपोआप पुसला जात नाही. एखादी जमीन खासगी वन होती की नाही हा वाद १९७५ च्या कायद्यातल्या कलम ६ खाली कलेक्टरपुढे चालतो आणि तिथे प्रत्येकाची नोटीस वेगळी तपासली जाते. सरकारकडून जुनी रजिस्टरे पुढे केली जातात. त्यांतल्या एकाला कोर्टाच्या कागदांत 'गोल्डन रजिस्टर' असे भारदस्त नाव आहे. त्या रजिस्टरातली नोंद म्हणजे पोच नव्हे, हा मुद्दा मांडायला वकील लागतो आणि वकिलाला पैसे. विक्रोळीच्या कंपनीने लढून मिळवलेला अर्थ मुरबाडच्या शेतकऱ्याला फुकट मिळाला खरा, पण तो वापरणे फुकट नाही.

ज्याची बजावणी पक्की आहे त्यालाही दोन वाटा आहेत. ३० ऑगस्ट १९७५ ला जी जमीन कायदेशीरपणे लागवडीखाली होती आणि कमाल धारणेच्या मर्यादेत होती ती कलम ३(२) प्रमाणे संपादनातून मुळातच बाहेर राहते. खाचरवाल्याने हे लक्षात ठेवावे. त्या सालची पीकपाहणी हा त्याचा पुरावा. दुसरी वाट १९७८ मध्ये घातलेल्या कलम २२-अ ची. जमीन गेल्यामुळे ज्याच्याकडे बारा हेक्टरपेक्षा कमी उरली, किंवा आधीच कमी होती, त्याला एकूण धारणा बारा हेक्टरपर्यंत होईल एवढी जमीन परत देण्याची तरतूद त्यात आहे.

आणि कातकऱ्याचे, ठाकराचे काय? त्याचे नाव कधीच सातबाऱ्यावर नव्हते. मालकाला नोटीस बजावली की नाही या वादात त्याला काही मिळत नाही. त्याच्या कामाचे क्रियापद दुसरे आहे, व्हेस्ट. सरकारी मराठीत त्याला 'निहित होणे' म्हणतात, साध्या बोलीत हक्क लागणे. १९७५ च्या कायद्यात याच क्रियापदाने खासगी वने सरकारला लागली. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४ मध्ये तेच क्रियापद उलट दिशेला वळले. तिथे सरकार वननिवासींचे हक्क मान्य करते आणि ते त्यांना लागतात. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला चार हेक्टरपर्यंत हा हक्क आहे. बिगर आदिवासीला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो. राखीव वनही या कायद्याच्या कक्षेत येते, तेव्हा १९७५ मध्ये सरकारजमा झालेली वरकसही आली. पण दोन 'व्हेस्ट' सारखे नाहीत. सरकारला लागलेली जमीन सरकारची झाली. आदिवासीला लागलेला हक्क वारसाने पुढे जातो, नवरा-बायको दोघांच्या नावाने नोंदला जातो, विकता मात्र येत नाही. मुरबाडला फार्महाऊससाठी जागा बघणाऱ्या शहरवासीयाला कुणी वनपट्ट्याची जमीन 'नोटरी करून' देतो म्हणत असेल, तर त्या नोटरीच्या कागदाला कवडीची किंमत नाही.

एवढे कळले की सातबारा वाचताना काय शोधायचे ते ठरते. शेऱ्यापुढे फेरफाराचा नंबर असतो. त्या नंबराचा फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ मधली नोंद, काढा. कुठल्या आदेशाने आणि कोणत्या तारखेला नोंद झाली ते तिच्यात कळेल. नोंद पस्तीस-तीनच्या आधारे असेल तर माहितीच्या अधिकारात वनविभागाच्या कार्यालयाला अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तराची मुदत तीस दिवस. त्या अर्जात नुसती 'नोटिशीची प्रत' मागू नका. तेवढेच मागितले तर तेवढेच मिळेल, आणि तिच्यावर जावक क्रमांक असेल. 'नोटीस कोणाला, कोणत्या तारखेला, कोणत्या रीतीने बजावली त्याची पोच किंवा बजावणीचा अहवाल, हरकतींच्या सुनावणीचे कागद आणि ताबा घेतल्याचा पंचनामा' असे शब्द लिहा. यातले काही अभिलेखात उपलब्ध नाही असे लेखी उत्तर आले, तर ते जपून ठेवा. कलेक्टरपुढच्या चौकशीत तेच जोडायचे आहे.